पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थी



आज माझ्याच वर्गातली एक गोष्ट सांगते. चूक माझी आहे, हे आधीच कबूल करते.

तीन वर्षांपूर्वी चौथीला शिवछत्रपतींचा पाठ चालू होता. फळ्यावर मी जन्मतारीख लिहिली, 19 फेब्रुवारी 1630. मागच्या रांगेतला एक मुलगा उठला. "बाई, माझे आजोबा म्हणतात 1627. त्यांच्या पुस्तकात तसंच होतं." मी म्हटलं, "आपल्या पुस्तकात आहे तेच लिही. बस खाली." तो बसला. नंतर वर्षभर इतिहासाच्या तासाला त्याचा हात काही वर आला नाही.

खरं सांगू का, मलाच उत्तर येत नव्हतं! वीस वर्षं इतिहास शिकवला, पण तो ठरतो कशावरून, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

त्याच जुलैत मी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात एम.ए. इतिहासाला प्रवेश घेतला. वय 45. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, पण चार वर्षांपर्यंत पूर्ण करता येतो, हे वाचून धीर आला. माध्यम इंग्रजी किंवा हिंदी. मी हिंदी घेतलं. पहाटे पाच ते साडेसहा अभ्यास, मग डबे, शाळा, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणं. मुलगा तेव्हा दहावीत. एकाच टेबलावर दोघं बसायचो. मी पेंगले की तो माझाच आवाज काढून म्हणायचा, "लक्ष कुठंय?"

पहिला स्वाध्याय हाताने लिहून दिला. पानंच्या पानं भरली. तपासून आला तेव्हा गुण बेताचेच, आणि शेरा होता : माहिती आहे, पुरावा कुठे आहे? मला घाम फुटला. ज्या पाठांतरासाठी मी मुलांना रागावते, तेच मी केलं होतं.

मग आधी त्या 1627 च्या मागे लागले. 1916 मध्ये लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. जेधे घराण्याकडची ही घटना आणि तिथी यांची जुनी यादी. तिच्यात महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551 असा दिला आहे. फाल्गुन महिना असल्याने शकात 79 मिळवायचे, म्हणजे 1630. महाराजांच्या काळातल्या कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यातही हीच तिथी मिळते. त्याआधी लोकांच्या तोंडी 1627 होतं आणि पुढेही ते बराच काळ टिकलं. म्हणजे आजोबा खोटं बोलत नव्हते. त्यांना जे शिकवलं, तेच ते सांगत होते. नवा पुरावा मिळाला, म्हणून उत्तर बदललं.

तो मुलगा आता सातवीत आहे. परवा त्याला मधल्या सुट्टीत बोलावलं आणि हे सगळं सांगितलं. तेव्हा गप्प बसवलं ते चुकलंच, हेही सांगितलं. तो जरा लाजला. मग म्हणाला, "पण बाई, शकावली लिहिणाऱ्याला तरी कुणी सांगितलं?"

या वेळी मी "बस खाली" म्हटलं नाही. वहीत त्याचा प्रश्न लिहून घेतला.

माझे शेवटचे दोन पेपर राहिलेत. तुमच्यापैकी कुणी प्रवेश घ्यायचा विचार करत असेल, तर अनुभवाने दोन गोष्टी सांगते. स्वाध्याय शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. शाळेची कामं नेमकी तेव्हाच येतात. आणि घरच्यांना आधी सांगून ठेवा, कारण स्वयंपाकाची पाळी बदलावी लागते. आमच्याकडे रविवारचे पोहे आता मुलगा करतो.

पालकहो, मूल घरी "कशावरून?" विचारू लागलं, तर उलट बोलतंय असं समजू नका. आजी-आजोबांची जुनी पाठ्यपुस्तकं माळ्यावर असतील, तर काढा आणि मुलांसोबत शाळेत पाठवा. आम्ही ती आत्ताच्या पुस्तकाशेजारी ठेवून वाचू.

तुमची,
एक विद्यार्थिनी शिक्षिका