चिंधी बांधलेला कप

आमच्या पडवीतल्या कोनाड्यात एक कप असे. त्याच्या कानाला चिंधी गुंडाळलेली. तो आत्याआजीचा, माझ्या वडिलांच्या आत्याचा. तिला मी कधी माजघरात पंगतीला बसलेली पाहिली नाही.

तिला कुष्ठरोग झाला होता आणि औषधांनी तो पूर्ण बरा झाला होता. पण उपचार उशिरा सुरू झाल्यामुळे हातांच्या नसा गेल्या होत्या. बोटं आत वळलेली, स्पर्श बधिर. चटका बसला तरी कळायचं नाही. फोड दिसला की समजायचं. त्यावर तिने स्वतःच चिंधीची तोड काढली होती. एवढ्यावर तिचा चहा बिनघोर व्हायचा. त्याच हातांनी, तळवा मांडीवर घासत, ती फुलवाती नाही तरी लांब वाती छान वळायची. घरातल्या देव्हाऱ्यात मात्र त्या कधी लागल्या नाहीत.

१९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. ‘कुष्ठरोगमुक्त’ हा त्यांतला एक. २०१६च्या कायद्यात प्रकार एकवीस झाले, त्यांतही तो आहे. रोगातून सुटलेला माणूस अपंग कसा, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. गेलेली संवेदना आणि वाकडी बोटं हे कायद्याचं उत्तर, आणि ते योग्यच आहे. पण तेवढंच असतं, तर चिंधीने भागलं असतं. बहुविध औषधोपचार १९८०च्या दशकात आला. तरीही कुष्ठरुग्णांना वेगळं कोंडण्याची मुभा देणारा १८९८चा कायदा थेट २०१६ साली रद्द झाला आणि जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण २०१९पर्यंत कायद्यात टिकून राहिलं. जंतू मेले, भीती जगली. ‘महारोगी’ हा शब्द तर औषध घेऊनही पुसला जात नव्हता.

वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन उभं केलं. तिथे अशाच हातांनी जमीन कसली, कापड विणलं. हात तसेच होते. भोवतालची माणसं वेगळी होती.

आत्याआजी गेल्यावर पडवी आवरताना तो कप माझ्या हाती आला. मी तो चिंधीसकट धुतला आणि स्वयंपाकघरातल्या मांडणीवर इतर कपांच्या रांगेत ठेवला. ती असतानाच तो तिथे ठेवायला हवा होता. तेव्हाही माझे दोन्ही हात धडधाकट होते.