कंपासपेटीतल्या बिया

समर्थनगर, छत्रपती संभाजीनगर

चि. मुक्ता,


परवा फोनवर तू विचारलंस, "आत्या, ती मागची कुंडी कसली?" नीट सांगायचं म्हणून हे पत्र.

गेल्या उन्हाळ्यात माळा आवरताना तुझी जुनी कंपासपेटी सापडली. आत सहा तपकिरी बिया, राजम्याच्या आकाराच्या, दगडासारख्या टणक. चिठ्ठी नाही, काही नाही. टाकवेनात. चार बिया कानशीने घासून रात्रभर भिजवल्या. उगवली एकच.

पानं साधी, लांबट, एकेकटी. नर्सरीवाला म्हणाला सोनचाफा, मीही तेच धरून बसले. पावसाळ्यात नवं पान आलं ते तीन दलांचं, पुढचं पाच, पसरलेल्या पंजासारखं. मग सगळे म्हणाले, काटेसावर! पण सावरीच्या कोवळ्या खोडालाही काटे असतात. मी रोज सकाळी बोट फिरवून पाहायचे. खोड गुळगुळीत, आणि मातीलगत गाजरासारखं फुगलेलं. मैत्रिणीकडून प्रा. व्ही. एन. नाईकांचा 'फ्लोरा ऑफ मराठवाडा' (१९९८) आणला, त्यातली सावर ताडून पाहिली. जुळेना.

उलगडा केला तुझ्या बाबांनी. उरलेली बी हातात घेऊन दादा म्हणाला, "अगं, ही मांडवगडची!" तू सातवीत होतीस. तिथे बायका मखमली सालीची मोठी फळं विकत होत्या. आतला पांढरा, पिठूळ, आंबट गर तू गाडीत चोखत आलीस आणि बिया जपून ठेवल्यास.

ही गोरखचिंच. गोरखनाथ हिच्याखाली शिष्यांना शिकवत, म्हणून हे नाव, असं सांगतात. मूळची आफ्रिकेची, फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ आदान्सोंने १७४९ साली सेनेगलमध्ये पाहिली, म्हणून शास्त्रीय नाव ॲडनसोनिया. रोप लहान असताना पानं साधीच येतात, पंजा नंतर. झाडाने फसवलं नव्हतं, आम्हीच घाई केली. मोठेपणी बुंधा इतका रुंद होतो की चार-पाच माणसांची कवही पुरत नाही. पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, वटवाघळं येतात.

आपलं शहर, तेव्हाचं खडकी, १६१० साली वसवणारा मलिक अंबरही आफ्रिकेतूनच आला होता. त्याने ही झाडं आणली असं मी म्हणत नाही. पण कुंडीला पाणी घालताना त्याची आठवण येते खरी.

कुंडीत हे फार दिवस मावायचं नाही. पुढच्या पावसात गावच्या बांधावर लावायचं ठरलंय. खड्डा तू आल्यावरच घेऊ. उरलेल्या दोन बिया तुझ्या पेटीतच ठेवल्या आहेत.

तुझी,
आत्या