एकटीने वेरूळला जाताना

आमच्या वस्तीतून २०११ साली वेरूळला बस गेली होती. त्या बसने आम्हीही गेलो. गेलो म्हणजे फाटकापर्यंत. बस पोचायला दुपार झाली. पुढाऱ्यांनी शिट्टी वाजवून पाऊण तास दिला आणि पन्नास माणसांच्या पिशव्या राखायला कुणीतरी बसणे भाग होते. आम्ही बसलो.

मालक आत जाऊन आले. ते तारापूर एमआयडीसीत पॅकिंगच्या लाकडी पेट्या ठोकायचे. दहा नंबरच्या लेण्याचे छत पाहून त्यांना काय झाले कोण जाणे. "अगं, दगडात वासे कोरलेत! सगळे काम सुताराचे, पण खिळा एक नाही." बोईसरला परत येईपर्यंत तेच, आणि पुढे दहा वर्षेही तेच. तुला एकदा दाखवतो म्हणायचे. ते राहून गेले. २०२१ साली मालक गेले.

आता ही "आम्ही" म्हणजे एकटी बाई आहे, हे वाचक भगिनींनी ओळखलेच असेल. दोघांची सवय तोंडातून जात नाही.

मुलगा म्हणाला, "आई, एकटी कशाला? सुट्टी मिळाली की मी नेतो." कंपनीने त्याला तीन वर्षे सुट्टी दिली नाही. शेवटी सूनबाईच म्हणाली, "आत्या, तुम्ही जाऊन या. मी गाड्या बघून देते."

बोईसरच्या रिझर्वेशनच्या खिडकीवर दोन गोष्टी कळल्या. तिकीट साठ दिवस आधी काढता येते. आणि पंचेचाळीस वर्षांवरची बाई एकटी जात असेल तर तिच्यासाठी खालच्या बर्थचा कोटा असतो. एकटेपणाचा असाही फायदा! म्हाताऱ्या माणसांची भाड्यातली सवलत मात्र रेल्वेने २०२० साली बंद केली, ती अजून बंदच आहे.

वार आधी बघावा. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद. आम्ही मंगळवारी रात्री निघायचे ठरवले, म्हणजे बुधवार-गुरुवार मोकळे.

बोईसरहून दुपारीच लोकल धरली. २०१३ साली डहाणूपर्यंत लोकल आली म्हणून हे सोपे झाले, नाहीतर शटलची वाट बघत बसायचे. संध्याकाळची सगळी गर्दी मुंबईहून आपल्याकडे येणारी, आम्ही उलट्या दिशेने, त्यामुळे खिडकी मिळाली. दादरला पश्चिम रेल्वेचा पूल चढून मध्य रेल्वेच्या बाजूला उतरायचे आणि देवगिरी एक्स्प्रेस पकडायची. पुलावर ढकलाढकली फार. हातात एकच पिशवी असावी, तीही खांद्याला अडकवलेली.

देवगिरी छत्रपती संभाजीनगरला उजाडायच्या आत उतरवते. उजेड पडेपर्यंत स्टेशन सोडायचे नाही, हे सूनबाईने बजावून सांगितले होते. वेटिंग रूममध्ये घरची भाकरी खाल्ली, तोंड धुतले, मग बाहेर पडलो.

पहिल्या लॉजवर माणसाने आधारकार्डाकडे पाहिलेही नाही. "सोबत कोण?" कुणी नाही म्हटल्यावर खोली शिल्लक नाही म्हणाला. मागे किल्ल्यांची ओळ टांगलेली आम्हांला दिसत होती. एकोणतीस वर्षे कंपनीत रात्रपाळी करून अंधारात घरी आलो, तेव्हा कुणी विचारले नाही सोबत कोण म्हणून. डोळ्यांत पाणी आले हे खरे. परत फिरावे असेही वाटले. पण परतीचे तिकीट गुरुवार रात्रीचे होते. दुसऱ्या लॉजवर गल्ल्यावर एक बाईच बसली होती. तिने वहीत नाव लिहून किल्ली दिली. म्हणून सांगतो, खोलीचे आधी फोनवर विचारून घ्या, आणि एकटी आहे हेही तेव्हाच सांगून टाका.

मध्यवर्ती स्थानकातून वेरूळची एसटी मिळते, तीस किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धे तिकीट आहे. कंडक्टर म्हणाला, "मावशी, लेणी आली की हाक मारतो." त्याने मारली.

वेरूळला चौतीस लेणी. पहिली बारा बौद्ध लेणी, आणि त्यांतले एकच चैत्यगृह, ते हे दहावे. लोक त्याला सुतार की झोपडी म्हणतात. आत स्तूप आणि स्तूपापुढे बसलेले भगवान बुद्ध. वर पाहिले. वासे, एकामागे एक, कमानीसारखे वळलेले. लाकडी घराची रीत दगडात उतरवलेली. आम्ही ते मोजायला लागलो, मध्येच चुकलो, पुन्हा मोजले, पुन्हा चुकलो. शिट्टी वाजवणारे कुणी नव्हते. खिळा खरोखरच नाही.

दुसऱ्या दिवशी अजिंठा. हा पल्ला शंभर किलोमीटरचा, तेव्हा पहिलीच गाडी धरावी. तिकीट "अजिंठा लेणी" असे सांगून मागा, कारण अजिंठा गाव अलीकडे लागते आणि तिथून लेणी बरीच लांब आहेत. फर्दापूरच्या फाट्यावर उतरलो की लेण्यांपर्यंत वेगळ्या बस असतात. पायऱ्या खूप आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी काठी न्यावी, आम्ही नेली नाही.

शुक्रवारी बोईसरला उतरलो तर मुलगा स्टेशनवर उभा. पिशवी घेतली आणि पहिला प्रश्न, "बाबा म्हणायचे तसेच आहे का गं?"