जशी आहे तशी

मेलेल्या माणसाच्या नावावरची गाडी विकता येत नाही. आधी ती वारसाच्या नावावर चढवावी लागते. मृत्यूनंतर 30 दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचं, तीन महिन्यांत नमुना 31 भरायचा. सोबत मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, बहिणींची ना हरकत. मग विक्रीचे 29 आणि 30 नंबरचे नमुने. एजंट त्यांना टीटीओ म्हणतात. तेवढ्या मधल्या काळापुरती बाबांची फियाट कागदोपत्री माझी झाली. बाबा होते तोवर तिच्या स्टिअरिंगला हात लावायची माझी टाप नव्हती.

गाडी 1978 ची प्रीमियर पद्मिनी. कंपनीनं 1974 मध्ये हे नाव ठेवलं, आमच्या कारंज्यात ते कोणी मनावर घेतलं नाही. ‘डॉक्टरची फियाट’, बस. ती गेली. तिच्याबरोबर आणि तिच्याआधी काय काय गेलं, ते सुचेल तसं लिहून ठेवतो.

आरसी बुक. अकोल्याचं. वाशीम जिल्हा झाला 1 जुलै 1998 ला, म्हणजे गाडी जिल्ह्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी. (इंग्रजांनी 1905 मध्ये मोडलेला जुना वाशीम जिल्हा धरला तर हिशेब उलटा होतो, पण परिवहन कार्यालय तो धरत नाही.) पुठ्ठ्याच्या त्या वहीत बँकेचा बोजा चढवल्याचा शिक्का आहे आणि पुढे तो उतरवल्याचा. मधल्या वर्षांत आईनं काय काय घेतलं नाही, त्याची नोंद अर्थात नाही. लालबहादूर शास्त्रींनी पंतप्रधान असताना पंजाब नॅशनल बँकेकडून 5,000 रुपये काढून फियाट घेतली होती. 1966 मध्ये ते ताश्कंदला वारले आणि उरलेलं कर्ज त्यांच्या पत्नी ललिताबाईंनी पेन्शनमधून फेडलं. गाडीमागोमाग बोजाही वारशात यायचा, असा तो काळ. आता प्लॅस्टिकचं कार्ड मिळतं. एजंटानं ते माझ्या हातात दिलं आणि लगेच परत मागून घेतलं, पुढच्या अर्जाला जोडायला.

काळी पाटी. पांढऱ्या रंगानं हातानं रंगवलेली, तीन अक्षरं आणि आकडे. पेंटर तोच, जो दुकानांच्या पाट्या करायचा. त्याच्या हातचा 2 मान वर करून बघायचा. त्या जागी आता सरकारी साच्यातली, होलोग्रामची पाटी. महाराष्ट्रात सगळ्या जुन्या गाड्यांना सक्तीची.

स्टिअरिंगच्या दांड्याला असलेला गिअर. त्यामुळे पुढं सलग सीट. बाबा, कंपाउंडर आणि त्यांच्या मधे पेशंटचा बाप, जो वाट दाखवायला आलेला असे.

दाराच्या काचेपुढची छोटी तिकोनी काच. ती फिरवून वारा थेट छातीवर घ्यायचा. दुसरी सोय नव्हती.

ओलं फडकं. याच्याबद्दल थोडं सांगायला हवं. मे महिन्यात वऱ्हाडात पारा 44-45 ला गेला, की उभ्या गाडीच्या पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ व्हायची. पंप पेट्रोल ओढतो, वाफ त्याला ओढता येत नाही. गाडी मंगरूळपीरच्या रस्त्यावर खोकून बंद. मग बोनेट उघडायचं, फडकं ओलं करून पंपावर ठेवायचं आणि निंबाखाली बसायचं. त्यासाठी डिकीत फडकं आणि सुरईभर पाणी कायम असे. त्यातलं पाणी कोणी प्यायलं तर बाबा चिडत. पुढं त्यांनी विजेवर चालणारा पंप बसवून घेतला, फडकं मात्र डिकीतून काढलं नाही.

पावसाळ्यातली बैलजोडी. मानोऱ्याकडच्या तांड्यावर रात्रीची बाळंतपणं असायची. काळ्या मातीत फियाट बुडाला टेकली, की जोडी आणून दोर बांधायचा. टोचन लावायचा हूक पुढं एका बाजूला वाकलेला होता तो त्यामुळे. आता रस्ते झाले, आणि बाळंतपणाला 108 जाते. हे गेलं ते बरंच झालं.

मिस्त्री. डिलकोचं झाकण काढून पॉइंटला पॉलिश पेपर मारायचा, मग कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा इकडं, पाव फेरा तिकडं, कान बोनेटकडं. मापाचं हत्यार कधी हातात दिसलं नाही. आता गॅरेज त्याचा मुलगा चालवतो, गाडीला यंत्राची वायर जोडून पडद्यावर दोष वाचतो. फियाटला ती वायर जोडायची जागाच नाही. म्हातारा खुर्चीवर बसून म्हणाला, “इकून टाका भाऊ. इचे पार्टच भेटत नाही आता.”

पार्ट का भेटत नाहीत, तर मुंबईमुळे. कुर्ल्याच्या कारखान्यात पद्मिनी 2000 च्या सुमारास थांबली, तरी मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी चालू होत्या आणि त्यांच्या जोरावर सुट्या भागांची दुकानंही चालू होती. तिथला माल अकोल्याला, अकोल्याचा एस.टी.च्या पार्सलनं कारंज्याला. पण टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदलेली होती. 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईत एकही नाही. त्या बातमीत फोटो मुंबईचे होते. आमच्याकडे त्याचा अर्थ एवढाच, की क्लच प्लेट संपल्या.

पेट्रोलही ते राहिलं नाही. शिशाचं पेट्रोल 2000 मध्ये बंद झालं, आता त्यात 20 टक्के इथेनॉल. जुन्या रबराच्या नळ्या त्यानं फुगतात, चिरतात. शिसं गेलं ते माणसांसाठी चांगलंच, इथेनॉलचा उसाला, मक्याला फायदा असेल. आमच्या शेडमध्ये मात्र नुसता पेट्रोलचा वास भरून राहायचा.

गिऱ्हाईक पुण्याचं. जुन्या गाड्या जमवणारा सभ्य माणूस. त्यानं फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून हळूहळू फिरवलं. जिथं चिकटलं नाही तिथं लांबी भरलेली. डाव्या दारापाशी ते घसरलं. कोणता अपघात तो, हे मला माहीत होतं. त्यानं विचारलं नाही.

त्याचा हिशेब वेगळा होता. गाडी 2028 मध्ये पन्नास वर्षांची होईल. 2021 च्या नियमांनुसार पन्नाशी ओलांडलेली, मूळ स्वरूपातली गाडी विंटेज म्हणून नोंदता येते: 20,000 रुपये फी, दहा वर्षांची मुदत, नंबरात व्हीए ही अक्षरं आणि रोजच्या वापराला मनाई. तोवर नेहमीचं नूतनीकरण, आणि 20 वर्षांवरच्या चारचाकीला ती फी ऑगस्ट 2025 पासून 10,000 झाली आहे. हे सगळं त्याला तोंडपाठ. त्याला हवी होती कुर्ल्याहून निघाली तशी गाडी.

म्हणून वजावट सुरू झाली. विजेचा पंप: मूळचा नाही. डायनमो काढून बसवलेला अल्टरनेटर: मूळचा नाही. रंग: बाबांनी अकोल्याला करून घेतलेला, कंपनीच्या यादीत नाही. डॅशबोर्डवरचा छोटा पंखा, त्यासाठी पाडलेली दोन भोकं. काचेवरचा लाल क्रॉस. तो खरवडावा लागेल, म्हणाला, जपून, ब्लेडनं. टपावरचं कॅरिअर, सलाइनची खोकी आणायला बसवलेलं. बाबांनी जे जे स्वतः केलं त्या प्रत्येकाचे पैसे त्यानं कमी धरले. मी एकदाही वाद घातला नाही, कारण त्याच्या बाजूनं ते बरोबर होतं. आणि खरं सांगायचं तर पंखा कधी चाललाच नव्हता.

इसार पावती मी लिहिली. ‘जशी आहे तशी, जिथे आहे तिथे’ हे शब्द त्यानं सांगितले.

गाडी सपाट ट्रकवर चढवली. समृद्धी महामार्ग डिसेंबर 2022 पासून कारंज्याजवळून जातो, वेगमर्यादा 120. फियाट त्या रस्त्यावर पहिल्यांदा गेली ती दुसऱ्या गाडीच्या पाठीवर. पंखा आणि कॅरिअर त्यानं काढून इथंच ठेवलं. पंखा भंगारात गेला. कॅरिअर मिस्त्रीच्या मुलानं मागून नेलं. त्याच्या मारुती व्हॅनला ते बसत नव्हतं. त्यानं चार भोकं नवीन पाडली.