पिल्लांची मोजणी

एंजल माशांची जोडी जमली की टाकीचा एक कोपरा तिचा होतो. मादी रुंद पानावर ओळीने अंडी चिकटवते, मागोमाग फिरणारा नर ती फलित करतो आणि मग दोघं आळीपाळीने पंखांनी त्यांच्यावर पाणी खेळवत राहतात. पांढरी पडलेली अंडी ते तोंडाने वेचून काढतात, म्हणजे बुरशी पसरत नाही. दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात. पुढचे काही दिवस पिल्लं पोटाशी असलेल्या बलकावर जगतात आणि मग पोहू लागतात, कधी शेकड्यांनी. एंजल ज्या कुळातले, ते सिक्लिड मासे पाळणारा इथे जगलेली पिल्लं मोजू लागतो आणि तो आकडाच यश मानतो. हे माप मला चुकीचं वाटतं. यश मोजायचं ते आईबापांना त्यांचं काम करू दिलं का आणि वाढलेल्या माशाला राहायला जागा आहे का, यावर.

हे काम आपल्या हातून पुरतं होत नाही. डिस्कस या दुसऱ्या सिक्लिडची पिल्लं सुरुवातीला आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव खाऊन वाढतात. मलावी सरोवरातल्या अनेक जातींची मादी सुमारे तीन आठवडे अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते आणि त्या काळात जवळजवळ उपाशी राहते. कुणी म्हणेल, नवखी जोडी अंडी खाऊन टाकते, मग ती काढून घेणंच बरं. पण बिथरलेली जोडीही अंडी खाते. तिला आधी निवांतपणा द्यावा, पुढच्या खेपेची वाट पाहावी.

दुसरा आक्षेप दयेचा आहे: पिल्लं डोळ्यांदेखत खाल्ली जाऊ द्यायची? एवढी अंडी घातली जातात, कारण निसर्गात बहुतेक पिल्लं मोठी होतच नाहीत. सगळी वाचवून दोन फुटी टाकीत कोंबली, तर दिवसातून अनेकदा टाकलेलं खाणं सडतं, अमोनिया चढतो आणि पिल्लं खुरटतात. ही दया नव्हे. उरलेली तळ्यात सोडणं तर त्याहून वाईट. १९५२ मध्ये भारतात आणलेला आफ्रिकेचा तिलापिया हाही सिक्लिडच. आज तो देशभरच्या पाण्यात पसरून देशी माशांचा वाटा खातो आहे. त्यात केरळचा करीमीन, म्हणजे गोव्याचं काळुंदर, हा आपला स्वतःचा सिक्लिडही आला.

म्हणून जोडी लावण्याआधी किती माशांना घर देता येईल ते ठरवा. तेवढीच पिल्लं वेगळी वाढवा. बाकीची आईबापांजवळ राहू द्या.