मातोश्रींची अट

आमच्या मातोश्रींनी एकदा कडोदऱ्यास येऊन आमचे बिऱ्हाड पाहावे, ही आमची फार दिवसांची इच्छा. पाय गेल्यापासून त्या मडगावी, वडील बंधूंकडे, चाकाच्या खुर्चीवर असतात. गेल्या दिवाळीत येण्याचे त्यांनी कबूल केले. मात्र एक अट घातली. "म्हाका उखलूं नाका." मला उचलायचे नाही! पूर्वी एका लग्नात चार धडधाकट गृहस्थांनी त्यांना खुर्चीसकट मांडवात नेऊन ठेवले होते. नेणारांची भावना उत्तमच होती; पण धान्याचे पोते हलविताना पोत्यास कोणी विचारीत नाही, आणि मातोश्रींना ते विसरता आलेले नाही.

आगगाडीचा विचार प्रथमच सोडावा लागला. मडगावहून वसईमार्गे सुरतेस गाडीने थेट येता येते. परंतु शयनयानाच्या बोळातून खुर्ची जात नाही, म्हणजे उचलणे आलेच. तेव्हा मोटार ठरली, वाटेत एक मुक्काम करून. खुर्चीवरून मोटारीच्या आसनावर सरकण्यासाठी बंधूंनी एक गुळगुळीत फळी करून घेतली. मातोश्रींच्या हातांत अद्याप बळ आहे.

खरी अडचण आमच्या दाराशी होती. दोन पायऱ्या व उंबरठा मिळून उंची भरली १६ इंच. सार्वजनिक इमारती दिव्यांगांस सुगम असाव्यात, असा २०१६ सालचा कायदा आहे. भाड्याच्या बिऱ्हाडाच्या पायऱ्यांना कोण विचारतो? तथापि सरकारी मार्गदर्शक तत्त्वांतील रॅम्पचे प्रमाण आमच्या उपयोगी पडले : १ इंच चढास १२ इंच लांबी. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. हिशेब आठवीच्या वर्गास घातला. उत्तर आले, १६ फूट. विद्यार्थिमित्रहो, फळ्यावर १६ फूट म्हणजे काहीच नव्हे; आमच्या अंगणाची खोली मात्र जेमतेम ७ फूट!

गवंड्याने (यास येथे कडिया म्हणतात) हसून सांगितले, सहा फुटांत बसवून देतो, मागून दोन माणसे लावा की झाले. पण दोन माणसे लावायची, तर पायऱ्यांनी काय बिघडविले होते? उंची तीच ठेवून लांबी कमी केली, की चढ उभा होतो, आणि खुर्चीत बसलेले माणूस परत दुसऱ्याच्या हाती जाते. आम्ही सोळा फुटांवर अडून बसलो. अखेर शेजारच्या गुजराती गृहस्थांनी आपल्या ओट्यापुढून रॅम्प नेण्यास संमती दिली. "बा येणार ना? मग न्या," एवढेच ते म्हणाले. घरमालकांस राजी करण्यास मात्र तीन खेपा पडल्या. भिंतीकडून धरण्यास लोखंडी नळी बसविली, आणि वर दारापुढे खुर्ची थांबेल इतकी सपाट जागा ठेवली.

मातोश्री आल्या त्या भर दुपारी. शेजारीपाजारी जमले होते. दोघे मदतीस पुढे सरसावलेही. मातोश्रींनी हातानेच त्यांस थांबविले. एक हात नळीवर, एक चाकावर, अशा त्या चढल्या. मध्ये दोनदा थांबल्या. आम्ही मागे उभे होतो, परंतु खुर्चीस हात लावला नाही. ते सोपे नव्हते.

त्या अकरा दिवस राहिल्या. न्हाणीघराचे दार २४ इंचांचे आणि खुर्ची २६ इंचांची, म्हणून स्नानाची सोय मागल्या पडवीत पडदा लावून केली होती. मातोश्रींना ती मुळीच पसंत पडली नाही. मे महिन्यात पुन्हा येईन, तोवर दार रुंद झाले पाहिजे, असे मडगावहून दर रविवारी दूरध्वनीवर फर्मान येते. घरमालकांकडे आमची चौथी खेप उद्या आहे.