बोटभर मोकळी जागा

नवी सायकल घरी आली की माणसे ती किती कौतुकाने निरखतात! रंग पाहतात, चाकांची चकाकी पाहतात, घंटी वाजवून पाहतात. परंतु फिरते चाक आणि त्याच्या शेजारून धावणारी साखळी यांच्यामध्ये जी बोटभर मोकळी जागा असते, तिच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. तिच्यात पाहण्यासारखे काही नसतेच. तरीही ती जागा आहे म्हणूनच सारे यंत्र सुखाने चालते.

या जागेचे मोल हवेच्या टायरच्या इतिहासावरून चांगले कळते. बेलफास्ट येथे राहणाऱ्या जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवा भरलेली रबरी नळी तयार केली आणि १८८८ साली तिचे पेटंट घेतले. त्या वेळच्या सायकलींना भरीव रबराच्या अरुंद धावा असत. त्यांच्या मानाने हा टायर फारच जाड होता. लोक त्याला हसले. पण १८८९ साली बेलफास्टच्या शर्यतीत विल्यम ह्यूम या स्वाराने त्याच टायरांवर विजय मिळवला, तेव्हा हसणारे गप्प झाले. मात्र हा लठ्ठ पाहुणा जुन्या सांगाड्यात मावेना. त्याच्यासाठी रुंद चिमट्यांच्या नव्या सायकली घडवाव्या लागल्या.

हाच प्रश्न आजही पुन्हा उभा राहतो. साध्या सायकलीला लहानसे पेट्रोलचे इंजिन जोडण्याची हौस अमेरिकेत पुष्कळांना आहे. १९७२ साली आपल्याकडे निघालेली, पायडल असलेली लुना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना अशा वाहनाची कल्पना येईल. फरक एवढाच, की लुना कारखान्यातून मोजूनमापून आलेली असे. ही सायकल घरी जुळवलेली असते. पायडलची साखळी उजवीकडे असतेच. इंजिनाची दुसरी साखळी बहुधा डाव्या बाजूने मागच्या चाकाकडे जाते. तेथे आऱ्यांवर एक मोठे दातेरी चक्र बसवलेले असते. इंजिनामुळे वेग वाढतो, वेगाबरोबर हादरे वाढतात, आणि मग हौशी तरुणाला रुंद टायर हवासा वाटतो. १.७५ इंचांचा टायर काढून तो २.१२५ इंचांचा चढवतो. फरक दिसायला क्षुल्लक. प्रत्येक बाजूला सुमारे पावणेपाच मिलिमीटर. पण पुष्कळदा साखळीजवळ तेवढीच जागा असते! चाक फिरवताच ‘खर्र खर्र’ असा आवाज येऊ लागतो.

येथे संयमाची कसोटी लागते. ते दातेरी चक्र बशीसारखे किंचित खोलगट असते. त्याची बाजू पालटून बसवली, तर साखळी थोडी बाहेर सरकते. पण इंजिन जागच्या जागी राहिले, तर साखळी तिरकी धावते आणि दात्यांवरून उतरते. म्हणून इंजिनही तेवढेच सरकवावे लागते. आऱ्यांचा ताण कमीजास्त करून चाकच उजवीकडे आणावे, तर पायडलच्या साखळीची जागा कमी होते आणि ब्रेकही पुन्हा जुळवावे लागतात. एकाला जागा दिली की दुसऱ्याचे मागणे पुढे येते. शिवाय मोजणी करायची ती टायरमध्ये पूर्ण हवा भरून, चाक सावकाश फिरवून, फट जेथे सर्वांत अरुंद दिसेल तेथे. उभ्या सायकलीवर जी साखळी टायरला केसभर चुकवते, ती धावताना इंजिनाच्या ओढीने हेलकावते आणि त्याला घासल्यावाचून राहत नाही.

अधीर माणूस मात्र मनाची समजूत घालतो, “थोडेसेच तर घासते, घासून घासून आपोआप जागा होईल.” जागा होते खरी, पण ती टायरच्या अंगातून कोरली जाते. टायरची बाजू ही त्याच्या पाठीपेक्षा पातळ असते. रोज झिजता झिजता एखाद्या दिवशी ती भर उतारावर फाटते. किंवा साखळी अडकून मागचे चाक एकाएकी थांबते. त्या क्षणी पावणेपाच मिलिमीटरांची किंमत स्वाराला आपल्या हाडांनी मोजावी लागते. म्हणून जाणता कारागीर स्पष्टच सांगतो, की सांगाड्यात जागा नसेल, तर अरुंद टायरच बरा. हा सल्ला मानणे सर्वांत कठीण. कारण त्यासाठी स्वतःची हौस आवरावी लागते.

आपल्या सुखसोयी वाढवाव्यात, यात गैर काहीच नाही. पण आपण रुंदावताना शेजारी कोण धावत आहे, हे पाहिले पाहिजे. शेतकरी दोन रोपांमध्ये अंतर राखतो, ते जमीन वाया घालवण्यासाठी नव्हे. दोन्ही रोपे वाढावीत म्हणून. यंत्रातील मोकळी जागाही तशीच असते. ती कमी पडली की यंत्र आधी बारीक आवाजाने सांगून पाहते. तो आवाज ऐकून जो खाली उतरतो आणि पाना हाती घेतो, त्यालाच रुंद टायराचे सुख दूरपर्यंत लाभते.